इंग्लंडची पाचवी-सहावी या हाफ टर्ममध्ये काय शिकतेय? आणि त्यात एआय कुठे आहे?

नाताळची सुट्टी संपून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या शाळा उघडल्या, की पालकांच्या इनबॉक्समध्ये एक पान येऊन पडतं. या हाफ टर्ममध्ये तुमचं मूल गणितात काय करणार, विज्ञानात काय, इतिहासात काय, पीईचे कपडे कोणत्या वारी आणायचे, असं सगळं त्यात असतं. बहुतेक पालक पीईचा वार बघतात आणि पान बंद करतात. आपल्या वाचकांपैकी बरेच जण स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, लंडन या भागात राहतात. त्यांच्यातल्या काहींनी ही पानं मला पाठवली आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच होता: 'यात कम्प्युटिंगसमोर लिहिलंय ते नक्की काय आहे, आणि एआयचं काय?'

प्रश्न चांगला आहे, आणि तो फक्त तिकडच्या पालकांचा नाही. आपल्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार शिकवायचं जाहीर केलंय. इंग्लंडने मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात केली २०१४ मध्ये. म्हणजे आपण जिथे आता पाऊल टाकतोय तिथे ते दहा-अकरा वर्षं चालून बसलेत. त्यांचं एक पान नीट वाचून बघायला हरकत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इंग्लंडमध्ये वर्षाची तीन सत्रं असतात आणि प्रत्येक सत्राच्या मध्ये साधारण आठवडाभर सुट्टी. त्यामुळे वर्षाचे सहा तुकडे पडतात, पाच ते सात आठवड्यांचे. सुट्टीलाही हाफ टर्म म्हणतात आणि या तुकड्यालाही. सध्याचा तुकडा जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. इयर फाइव्ह आणि सिक्स म्हणजे ९ ते ११ वर्षांची मुलं, प्राथमिक शाळेची शेवटची दोन वर्षं. आपल्याकडे 'उच्च प्राथमिक' म्हटलं की सहावी ते आठवी डोळ्यासमोर येते, तिकडे वय थोडं कमी. आणि हे सगळं इंग्लंडचं बरं का, ब्रिटनचं नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे अभ्यासक्रम वेगळे आहेत.

बाकीचे विषय, भरभर

राष्ट्रीय अभ्यासक्रम सांगतो की इयर फाइव्ह-सिक्समध्ये काय शिकवायचं. कोणत्या महिन्यात काय घ्यायचं ते शाळा ठरवते, म्हणून दोन शाळांची पानं सारखी नसतात. विज्ञानात इयर फाइव्हला पृथ्वी आणि अवकाश, बलं, पदार्थांचे गुणधर्म असे विषय येतात. इयर सिक्सला वीज, प्रकाश, रक्ताभिसरण, आणि उत्क्रांती. हो, दहा वर्षांच्या मुलांना उत्क्रांती आणि अनुवंश शिकवतात, आणि मला ते फार आवडलं. पोहणंही अभ्यासक्रमात आहे: प्राथमिक शाळा सोडण्याआधी प्रत्येक मुलाला २५ मीटर पोहता आलं पाहिजे अशी अपेक्षा असते.

इतिहासात शाळेला निवड असते. प्राचीन संस्कृतींपैकी सुमेर, सिंधू, इजिप्त किंवा चीनमधलं शांग घराणं यातलं एक खोलात शिकवायचं. त्याशिवाय युरोपबाहेरचा एक समाज: इसवी सन ९०० च्या आसपासचं बगदाद, किंवा माया, किंवा बेनिन. तुमच्या मुलाच्या पानावर बगदाद दिसलं तर लक्ष ठेवा, कारण तो धडा गुपचूप कम्प्युटिंगचाही आहे. अल-ख्वारिझ्मी हा नवव्या शतकातला बगदादचा गणिती. त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, आणि त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जिब्रा'. भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करायची यावरही त्याने लिहिलं आणि ते अंक पुढे युरोपात पोचायला त्याचा मोठा हात होता. सिंधू शिकवली काय, बगदाद शिकवलं काय, आपल्या पोराला वर्गात सांगायला काहीतरी मिळतं.

आता मूळ मुद्द्याकडे.

कम्प्युटिंगच्या सहा तासांत काय होतं

बऱ्याच शाळा 'टीच कम्प्युटिंग' नावाचा, सरकारी पैशातून तयार झालेला मोफत अभ्यासक्रम वापरतात. त्यात दर वर्षाला सहा घटक आहेत, म्हणजे दर हाफ टर्मला एक, आणि प्रत्येक घटकात सहा धडे. हिशेब सरळ आहे: आठवड्याला एक तास. जानेवारीच्या तुकड्यात साधारणपणे दोन्ही इयत्तांना प्रोग्रॅमिंग येतं.

इयर फाइव्हच्या पानावर 'सिलेक्शन इन फिजिकल कम्प्युटिंग' असं काहीतरी लिहिलेलं असेल. वाचून काही कळत नाही हे मान्य. प्रत्यक्षात काय होतं तर मुलांना क्रम्बल नावाचा तळहाताएवढा बोर्ड देतात. त्याला चिमट्याच्या वायरींनी छोटा दिवा, मोटर, बटण जोडायचं आणि संगणकावर रंगीत ठोकळे जुळवून प्रोग्रॅम लिहायचा. शेवटी जत्रेतल्या मेरी-गो-राउंडसारखं एखादं मॉडेल फिरवून दाखवायचं.

सिलेक्शन म्हणजे 'जर-तर'. जर बटण दाबलं तर मोटर थांबव, नाहीतर चालू ठेव. मोठ्यांना यात विशेष काय ते कळत नाही, कारण आपण दिवसभर जर-तरच करत असतो. पण पहिल्याच प्रयोगात मुलं एका ठिकाणी हमखास अडकतात. प्रोग्रॅम बरोबर दिसतो, बटण दाबलं तरी मोटर काही थांबत नाही. का? कारण यंत्राने ती अट एकदाच तपासली, एका क्षणात, तुमचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आधीच, आणि पुढे निघून गेलं. माणसाला 'बटण दाबलं तर थांब' असं सांगितलं की तो बटणावर लक्ष ठेवून बसतो. यंत्र बसत नाही. त्याला वेगळं सांगावं लागतं की ही अट पुन्हा पुन्हा तपासत राहा. म्हणजे तो 'जर' एका न संपणाऱ्या लूपच्या पोटात घालावा लागतो.

मला विचाराल तर पूर्ण हाफ टर्ममधली ही सगळ्यात किमती पाच मिनिटं. आपण जे गृहीत धरतो ते यंत्र गृहीत धरत नाही, हे त्या मुलाला कोणी भाषण देऊन सांगितलेलं नसतं. मोटर थांबली नाही म्हणून त्याला कळलेलं असतं.

व्हेरिएबल आणि अल्जिब्रा एकाच महिन्यात

इयर सिक्सच्या पानावर असतं 'व्हेरिएबल्स इन गेम्स'. हे स्क्रॅचमध्ये करतात. स्क्रॅच ही अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बनलेली ठोकळ्यांची भाषा, २००७ पासून सगळ्यांना मोफत. मुलं एखादा साधा खेळ बनवतात आणि त्यात गुण मोजायला 'स्कोअर' नावाचा व्हेरिएबल ठेवतात.

आता गंमत बघा. गणितासाठी असंख्य शाळा व्हाइट रोझ नावाची मांडणी वापरतात. त्या मांडणीत इयर सिक्सच्या वसंत सत्राची सुरुवात गुणोत्तराने होते आणि त्याला लागूनच येतो अल्जिब्रा. म्हणजे सोमवारी गणिताच्या तासाला मूल शिकतं की क्ष + ७ = १२, तर क्ष किती. आणि गुरुवारी कम्प्युटिंगच्या तासाला त्याला सांगतात की स्कोअर हा व्हेरिएबल आहे, सफरचंद पकडलं की एकने वाढव. दोन्हीकडे शब्द 'व्हेरिएबल' येऊ शकतो, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एक नाही.

गणितातला हा क्ष म्हणजे लपलेली संख्या. ती आधीपासून ठरलेली आहे, ५ आहे, आपल्याला फक्त शोधायची आहे. गणित सोडवता सोडवता ती बदलत नाही. प्रोग्रॅममधला व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. आत्ता त्यात ३ आहे, एका सेकंदाने ४ असेल. पायथनसारख्या भाषेत हे 'स्कोअर = स्कोअर + १' असं लिहितात. गणिताच्या वहीत असं लिहिलं तर बाईंनी लाल फुली मारायला हवी, कारण कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. प्रोग्रॅममध्ये मात्र ते वाक्य ठणठणीत बरोबर आहे. तिथे '=' चा अर्थ 'बरोबर आहे' असा नाहीच. उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या डब्यात टाक, असा तो हुकूम आहे.

स्क्रॅच बनवणाऱ्यांनी इथे शहाणपणा केलाय. त्यांनी '=' वापरलंच नाही. 'स्कोअर १ ने बदल' आणि 'स्कोअर ० कर' असे दोन वेगळे ठोकळे दिलेत. त्यामुळे गोंधळ पुढे ढकलला जातो, पण मिटत नाही. माध्यमिक शाळेत पायथन आलं की तो समोर उभा राहतोच. पालकांपैकी ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं (आणि तिकडच्या मराठी घरांत असा एक तरी सापडतोच) त्यांनी हा फरक या दोन महिन्यांत मुलाशी बोलून घ्यावा. दोन्ही गोष्टी ताज्या असताना दहा मिनिटं पुरतात.

अजून एक बारीकसं. मूल घरी येऊन म्हणालं की 'बाबा, माझा गेम दुसऱ्यांदा खेळलं की ० ऐवजी १४ पासून सुरू होतो', तर बाबांनी गेम बिघडला म्हणू नये. स्क्रॅच व्हेरिएबलची जुनी किंमत धरून ठेवतो. हिरवा झेंडा दाबल्याबरोबर स्कोअर ० करायचं राहिलंय, एवढंच. आणि उत्तर सांगूनही टाकू नका हो. 'डबा रिकामा कोणी केला?' एवढं विचारा आणि चहा घ्यायला जा.

मग एआय कुठे आहे?

कुठेच नाही. सध्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०१३ मध्ये लिहिला गेला आणि सप्टेंबर २०१४ पासून लागू झाला. त्यातल्या कम्प्युटिंगच्या भागात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे शब्द नाहीत. त्या काळाच्या मानाने तो धीट होता. वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकवणारा जुना आयसीटी विषय काढून त्यांनी पाच वर्षांच्या मुलांना अल्गोरिदम शिकवायला घेतला. पण चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात.

तरी त्यात एक वाक्य असं आहे की आजही त्याला तोड नाही. ७ ते ११ वयोगटासाठी तिथे म्हटलंय की सर्च केल्यावर येणारे निकाल कसे निवडले जातात आणि कसे वर-खाली लावले जातात हे मुलांना कळलं पाहिजे. इयर फाइव्हच्या पहिल्या घटकात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, यावर धडे होतात: क्रॉलर पानं गोळा करतो, त्यांची सूची बनते, मग क्रम लावला जातो, आणि वर दिसतं म्हणून ते खरं असतंच असं नाही. दहा वर्षांच्या मुलाला एवढं कळलं तर चॅटबॉटबद्दल निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मात्र अवघड आहे. सर्चमध्ये दहा लिंका तरी दिसतात, त्यातली कोणती उघडायची हे मूल ठरवतं. चॅटबॉट एकच उत्तर देतो, छान सलग भाषेत, आणि ते उत्तर कुठून आलं हे विचारायची मुलाला सवयच लागत नाही. त्या उत्तराची भाषा आत्मविश्वासाची असते म्हणून ते बरोबर वाटतं. हे शिकवणारा घटक या पानावर नाही.

यंदाच्या हाफ टर्ममध्ये एक दिवस त्याला अपवाद आहे. १० फेब्रुवारीला सेफर इंटरनेट डे आहे आणि ब्रिटनमध्ये यंदा त्याचा विषयच एआयचा सुरक्षित आणि जबाबदार वापर असा ठेवलाय. म्हणजे एखादी असेंब्ली, एखादं पोस्टर, घरी एखादा कागद. काहीच नसण्यापेक्षा बरं.

बदल येतोय, पण सावकाश. प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या अभ्यासक्रम आढाव्याचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. त्यानंतर सरकारने सांगितलं की प्राथमिक शाळांत नागरिकशास्त्र सक्तीचं होईल, आणि त्यात पैशाचे व्यवहार आणि माध्यमसाक्षरता, म्हणजे खोटी माहिती ओळखणं, हे असेल. नवा अभ्यासक्रम २०२७ च्या वसंतापर्यंत छापायचा आणि सप्टेंबर २०२८ पासून शिकवायचा, असं वेळापत्रक आहे. आता बोटं मोजा. आज जे मूल इयर फाइव्हमध्ये आहे ते तेव्हा इयर एटमध्ये असेल. त्याची प्राथमिक शाळा पूर्ण संपलेली असेल, जुन्या अभ्यासक्रमावर. आणि हीच ती मुलं आहेत जी आज घरी मोठ्या भावाच्या फोनवरून चॅटबॉटला गृहपाठ विचारतात. चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही, पण ती अट वाचतंय कोण.

म्हणून तिकडच्या पालकांना मी सरळ सांगेन: हा भाग शाळा भरून काढेल म्हणून थांबू नका. तुमच्यासमोर बसवून, तुमच्या खात्यावरून, मुलाला अशी गोष्ट विचारायला लावा जी त्याला पक्की माहीत आहे. आपल्या गावाबद्दल, आजोबांच्या शाळेबद्दल, मराठीतल्या एखाद्या सणाबद्दल. उत्तरात चूक सापडली की मूल स्वतःच हसतं. नाही सापडली तर आणखी बारीक विचारा.

या सगळ्यावर एक दगड ठेवलेला आहे तोही सांगतो. इयर सिक्सच्या मुलांना मे महिन्यात सॅट्स नावाच्या राष्ट्रीय परीक्षा असतात. विषय तीनच: वाचन, गणित, आणि व्याकरण-स्पेलिंग. कम्प्युटिंगची परीक्षा नाही. ज्याची परीक्षा नाही त्याचा तास जानेवारीनंतर सराव पेपरला दिला जातो, हे सांगायला इंग्लंडला जावं लागत नाही. आपल्याकडे स्कॉलरशिपच्या महिन्यांत चित्रकलेच्या तासाचं काय होतं ते आठवा. पानावर सहा धडे छापलेले असले तरी किती झाले ते मुलालाच विचारलेलं बरं.

आणि आपलं?

आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. सीबीएसईने २०१९ मध्येच नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंग आलं. आता तिसरीपासून एआय येतंय, आणि त्याची मांडणी करायला आयआयटी मद्रासच्या प्राध्यापक कार्तिक रमण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमलीय. घोषणेच्या वेगात आपण इंग्लंडच्या पुढे आहोत.

पण २०२४-२५ च्या यूडायस आकडेवारीनुसार देशातल्या सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आहे आणि साधारण ६३ टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे तीनातल्या एका शाळेत संगणकच नाही. जिथे आहे तिथेही 'आहे' म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत झाकून ठेवलेला एक, की मुलांच्या हाताखाली वीस, हे त्या आकड्यातून कळत नाही. अशा वर्गात एआय शिकवायचं म्हणजे फळ्यावर व्याख्या लिहून द्यायची, ही माझी खरी भीती आहे. 'एआय म्हणजे काय? उत्तर: एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता.' दोन गुण.

जाहीर झालेल्या नावात एआयच्या जोडीला 'संगणकीय विचार' हे शब्द आहेत, आणि माझी सगळी आशा त्या दोन शब्दांवर आहे. कारण जर-तर, पुन्हा पुन्हा करणं, मोठं काम तुकड्यांत पाडणं हे शिकवायला संगणक लागतच नाही. वर्गात एक मुलगा यंत्र होतो, बाकीचे त्याला दारापर्यंत न्यायच्या सूचना देतात, आणि तो सांगितलं तेवढंच करतो. भिंतीवर आपटला की सूचनेत चूक. बालभारतीच्या सहावीच्या गणितात समीकरणं आणि गुणोत्तर-प्रमाण आहेच, तिथे 'डबा' आणि 'क्ष' यांची तुलना एका तासात बसते. जिथे एखादा जुना लॅपटॉप आहे तिथे स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालतं, एकदा उतरवून घेतलं की झालं. एवढं तरी आधी झालं, तर मग तिसरीतल्या एआयला काही पाया असेल. लॉकडाऊनमध्ये सहा वर्षांच्या मुलांना कोडर बनवायच्या जाहिराती बघून कित्येक घरांनी हजारो रुपये भरले होते. शाळेत हा पाया घातला गेला नाही, तर त्याच जाहिराती 'एआय' नाव लावून परत येतील. आल्याही आहेत.

तिकडच्या वाचकांसाठी शेवटचं: फेब्रुवारीच्या सुट्टीनंतर जे नवं पान येईल त्यात इयर फाइव्हसमोर 'फ्लॅट-फाइल डेटाबेस' आणि इयर सिक्ससमोर 'स्प्रेडशीट' असण्याची शक्यता जास्त. स्प्रेडशीटच्या घटकात मुलं एखाद्या कार्यक्रमाचा खर्च मांडायला शिकतात. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे, नेमका त्याच तुकड्यात. मंडळाच्या कार्यक्रमाचं किंवा घरच्या जेवणाचं बजेट मुलाला मांडायला द्या, आणि पाहुणे बारावरून अठरा झाले की कोणकोणते आकडे आपोआप बदलले ते त्याच्याकडूनच ऐका.